अंगावर चहाच्या रंगाचे डाग असतील तर मुलाचे डोळे दरवर्षी तपासा. डाग नसतील तरी या खुणा ओळखा

डोळ्याच्या नसेवर येणारी लहान मुलांमधली गाठ : घरच्यांनी, अंगणवाडीताईंनी काय बघायचं, कुठं जायचं

शनिवार पेठ, पुणे : मुलाचा डोळा दाखवायला तालुक्यातून पुण्याला निघालं की भोर, पुरंदरची माणसं स्वारगेटला उतरतात, जुन्नर, आंबेगाव, खेडची वाकडेवाडीला. तिथून बऱ्याच जणांची पावलं पेठांकडं वळतात. शनिवार पेठ, नारायण पेठ, सदाशिव पेठेतल्या कुठल्या तरी डॉक्टरचं नाव ओळखीच्यानं सांगितलेलं असतं. बहुतेकांचं काम चष्म्यावर भागतं. पण एखादं मूल असं निघतं की त्याचा प्रश्न डोळ्यात नसतो, डोळ्याच्या मागं असतो. चष्म्याचा नंबर बदलून बदलून वर्ष जातं आणि नजर मात्र उतरत राहते.

अशा वेळी एक कारण डोळ्याच्या नसेवरची गाठ हे असू शकतं. डॉक्टर तिला ऑप्टिक पाथवे ग्लायोमा म्हणतात. लहान मुलांना मेंदूत ज्या गाठी होतात, त्यातल्या साधारण ३ ते ५ टक्के या जातीच्या असतात. म्हणजे हा आजार दुर्मीळच. पण वेळेत कळला तर नजर वाचवायला संधी मिळते, आणि उशीर झाला तर गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दोन मुलं समजा

पहिली चार वर्षांची मुलगी. पोटावर, पाठीवर, मांडीवर दूध घातलेल्या चहासारखे फिकट तपकिरी डाग. घरात सगळे म्हणतात, लासं आहे, जन्माचं आहे. आजी म्हणते, ग्रहणात सुनेनं काहीतरी चिरलं असेल. मुलगी खेळते, खाते, तिला कसला त्रास नाही.

दुसरं दहा महिन्यांचं बाळ. अंगावर एकही डाग नाही. पण डोळे सारखे थरथरतात, बुबुळ एका जागी ठरत नाही. दूध व्यवस्थित पितं, हसतं, खेळतं, तरी अंगाला मांस धरत नाही.

या दोघांनाही एकाच जातीची गाठ असू शकते. पण पहिलीच्या गाठीचं वागणं वेगळं आणि दुसऱ्याच्या गाठीचं वेगळं. तपासणी कधी करायची, एमआरआय कधी, औषध कुठलं, घाई कुठं करायची आणि कुठं थांबायचं, हे सगळं या फरकावर ठरतं.

ही नस असते तरी कुठं?

डोळा म्हणजे कॅमेरा धरला तर त्याच्या मागून एक वायर निघते. ती डोळ्याची नस. एकेका नसेत दहा-बारा लाख बारीक धागे असतात. ही नस डोळ्याच्या खोबणीतून मागं जाते, हाडातल्या छोट्या भोकातून कवटीत शिरते आणि मेंदूच्या तळाशी दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात. आपल्या दौंड तालुक्यात चौफुल्याला जसे रस्ते येऊन मिळतात, तसाच हा चौफुला. इथं प्रत्येक डोळ्यातून आलेले निम्म्याच्या आसपास धागे बाजू बदलतात, आणि पुढं डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं खरं ‘दिसतं’, तिथपर्यंत जातात.

या चौफुल्याच्या अगदी शेजारी पियुषिका ग्रंथी आणि भूक, तहान, वाढ सांभाळणारा मेंदूचा भाग आहे. त्यामुळं गाठ नुसत्या नसेवर असली तर एका डोळ्याची नजर जाते, पण चौफुल्यावर असली तर दोन्ही डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, शिवाय वाढ, वजन, वयात येणं हेही बिघडू शकतं.

गाठ ‘ग्लायोमा’ म्हणजे नसेच्या धाग्यांना आधार देणाऱ्या पेशींची. या गाठींचे चार दर्जे असतात. मुलांमधली ही गाठ बहुतेक वेळा पहिल्या दर्जाची, म्हणजे सगळ्यात सावकाश वाढणारी असते. अंगात इतरत्र सहसा पसरत नाही. बहुतेक मुलं यातून वाचतात. खरी लढाई असते ती नजर वाचवायची.

डाग असलेलं मूल : आधीच मिळालेला इशारा

अंगावर एखादं-दुसरं लासं कुणालाही असतं. त्यानं घाबरायचं कारण नाही. पण वयात येण्याआधीच्या मुलाच्या अंगावर ५ मिलिमीटरपेक्षा मोठे, म्हणजे मुगाच्या दाण्याहून मोठे, असे सहा किंवा जास्त डाग असतील तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. वयात आल्यानंतर हेच माप १५ मिलिमीटर धरतात. डाग सपाट असतात, खाजत नाहीत, दुखत नाहीत. म्हणूनच कुणी लक्ष देत नाही.

असे डाग हे न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आजाराची पहिली खूण असू शकतात. त्याच्या पहिल्या प्रकाराला डॉक्टर एनएफ-वन म्हणतात. जन्मणाऱ्या साधारण ३००० मुलांमागे एकाला तो असतो. नुसत्या डागांवर आजार पक्का होत नाही. इतर खुणांपैकी एखादी लागते : काखेत किंवा जांघेत तिळासारखे बारीक ठिपके, बुबुळावर दिसणारे बारीक उंचवटे (हे डोळ्याच्या डॉक्टरला मशिनीतून दिसतात), कातडीखाली मऊ गाठी, पायाच्या नळीचं हाड वाकडं असणं, डोळ्याच्या नसेवर गाठ, किंवा आई-वडिलांपैकी कुणाला हाच आजार असणं. काखेतले ठिपके जन्मतः नसतात, काही वर्षांनी येतात. म्हणून एकदा दाखवलं आणि ‘काही नाही’ म्हटलं तरी पुन्हा दाखवावं लागतं.

गावात एखाद्या मोठ्या माणसाच्या अंगभर मऊ मऊ गाठी दिसतात. लोक चरबीच्या गाठी म्हणून सोडून देतात. त्या चरबीच्या असतीलही. पण त्यांच्या मुलांच्या अंगावर चहाच्या रंगाचे डाग असतील तर दोघांनीही एकदा डॉक्टरला दाखवलेलं बरं.

आता डोळ्याचा संबंध. एनएफ-वन असलेल्या १०० मुलांपैकी साधारण १५ ते २० जणांना डोळ्याच्या नसेवर गाठ सापडते. पण त्यातल्या सगळ्यांना त्रास होत नाही. एक तृतीयांश ते निम्म्या मुलांनाच नजरेची किंवा इतर लक्षणं येतात. बाकीच्यांची गाठ आहे तिथंच पडून राहते. काहींची तर आपोआप लहानही होते. गाठ बहुधा डोळ्याजवळच्या नसेवर असते, कधी दोन्ही बाजूंना. धोक्याचं वय लहान असतं, त्रास बहुतेक वेळा सहा वर्षांच्या आत सुरू होतो.

म्हणून नियम साधा आहे. एनएफ-वन असलेल्या मुलाला काही त्रास नसला तरी आठ वर्षांचं होईपर्यंत वर्षातून एकदा तरी डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं. त्यानंतर अठरा वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी. तपासणी करणारा डॉक्टर लहान मुलांचे डोळे बघणारा असेल तर उत्तम.

डाग नसलेलं मूल : इशारा डोळाच देतो

ज्या मुलाला एनएफ-वन नाही, त्याच्याबाबतीत आधी सावध करणारी खूण अंगावर नसते. त्यामुळं गाठ कळते तेव्हा लक्षणं सुरू झालेली असतात. या मुलांत गाठ जास्त करून चौफुल्यावर आणि त्याच्या मागं असते. ती वाढत राहण्याची शक्यता जास्त असते. मोठी झाली तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, मग डोकं दुखतं, सकाळी उठल्यावर उलट्या होतात. लहान बाळाची टाळू फुगते, डोक्याचा घेर भराभर वाढतो.

इथं अंगणवाडीताईंसाठी एक गोष्ट महत्त्वाची. चौफुल्याजवळच्या गाठीमुळं काही बाळांचं वजन वाढत नाही, उलट घटतं. हातापायाच्या काड्या होतात. पण बाळ मलूल नसतं. हसतं, टवटवीत असतं, खातं-पितं. वजनाच्या तक्त्यावर ते तीव्र कुपोषित दिसतं आणि ग्राम बाल विकास केंद्रात दाखल होतं. आहार देऊनही वजन हलत नाही, त्यात डोळे थरथरत असतील, तर प्रश्न आहाराचा नाही हे ओळखून बाळाला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं. अशी बाळं थोडी असतात, पण यांनाच उशीर सगळ्यात महाग पडतो.

एकाचा ब्रेक तुटतो, दुसऱ्याचा अ‍ॅक्सिलरेटर अडकतो

एकाच जातीच्या गाठीचं वागणं वेगळं का? ट्रॅक्टरवरून समजून घेऊ. पेशी वाढवायला एक इंजिन असतं. आपल्या सतराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, ते या इंजिनाचा ब्रेक बनवतं. १९९० मध्ये शास्त्रज्ञांना ते सापडलं. एनएफ-वन असलेल्या मुलात या ब्रेकची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते. अंगभर बिघडलेली असते म्हणून डाग कातडीवर, गाठ नसेवर, हाडात वाक अशा खुणा अनेक ठिकाणी दिसतात.

दुसऱ्या मुलात ब्रेक ठीक असतो, पण गाठीच्या पेशींमध्ये बीआरएएफ नावाच्या जनुकात बिघाड होतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला अडकून बसतो. हा बिघाड फक्त गाठीत असतो, बाकी अंगात नसतो. म्हणून बाहेरून काही दिसत नाही. तो आई-वडिलांकडून आलेला नसतो.

इंजिन एकच, पण बिघाड वेगळा. म्हणून औषध ठरवताना कुठल्या जातीचा बिघाड आहे हे डॉक्टरला कळावं लागतं.

घरात काय बघायचं

लहान मूल ‘मला कमी दिसतं’ असं सांगत नाही. त्यातून एकाच डोळ्याची नजर गेली असेल तर दुसऱ्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं. घरच्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून बघायचं ते असं :

– डोळा पुढं आलेला वाटतो, दोन्ही डोळे सारखे दिसत नाहीत.

– डोळा नव्यानं तिरळा झाला. ‘तिरळेपणा नशिबाचा’ म्हणून सोडायचं नाही.

– बुबुळं थरथरतात, एका जागी ठरत नाहीत. सोबत मान डुलते किंवा मूल मान वाकडी करून बघतं.

– टीव्ही, पुस्तक, मोबाइल अगदी नाकाजवळ धरतं. चालताना एका बाजूच्या वस्तूंना धडकतं.

– रंग ओळखायला चुकायला लागलं, आधी ओळखत होतं.

– चष्मा लावूनही नजर सुधारत नाही, किंवा दर तपासणीला कमीच होते.

– मुलगी आठ वर्षांच्या आत, मुलगा नऊ वर्षांच्या आत वयात यायला लागला, उंची एकदम भराभर वाढली. आया हे लाजून लपवतात. लपवू नका, चौफुल्यावरच्या गाठीची ही खूण असू शकते.

– सकाळची डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा.

घरी करता येण्यासारखी एक सोपी गोष्ट. मूल खेळण्याकडं बघत असताना तळहातानं त्याचा एक डोळा झाका. मग दुसरा झाका. एक डोळा झाकला की मूल गप बसतं आणि दुसरा झाकला की रडतं, हात ढकलतं, असं झालं तर ज्या डोळ्यानं बघायची वेळ आली की ते चिडतं त्या डोळ्याला कमी दिसत असण्याची शक्यता आहे. ही पक्की तपासणी नाही, पण डॉक्टरकडं जायला पुरेसं कारण आहे.

आणखी एक. फोटोत किंवा अंधुक उजेडात मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर ती या गाठीची नाही, पण दुसऱ्या, जास्त गंभीर आजाराची असू शकते. त्यात एक दिवसही दवडू नका.

डॉक्टर काय तपासतात

पाच-सहा महिन्यांच्या बाळाचीही नजर मोजता येते. त्याला पट्ट्यापट्ट्यांची कार्डं दाखवतात आणि नजर कुठं वळते ते बघतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला चित्रांचा तक्ता. प्रत्येक डोळा वेगळा तपासतात. बॅटरीचा उजेड आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांत टाकून बाहुली कशी लहान-मोठी होते ते बघतात, त्यावरून नस नीट काम करते का ते कळतं. मग थेंब घालून डोळ्याचा पडदा आणि नसेचं टोक बघतात. नसेचं टोक फिकट पडलं असेल तर धागे मेले असं समजायचं. मूल थोडं मोठं असेल तर ओसीटी नावाच्या मशिनवर नसेच्या धाग्यांची जाडी मोजता येते. त्यात सुई नाही, दुखणं नाही.

पेठेतल्या डॉक्टरला दाखवताना एक वाक्य आपण होऊन सांगा : “मुलाच्या अंगावर असे डाग आहेत.” कपड्याच्या आतले डाग डोळ्याच्या डॉक्टरला दिसत नाहीत. आणि डागांसाठी कातडीच्या डॉक्टरकडं गेलात तर तिथं डोळ्याचं विचारा.

मग सरळ एमआरआय का करायचा नाही?

हा प्रश्न बहुतेक आई-बाप विचारतात. एनएफ-वन असलेल्या, नीट दिसणाऱ्या मुलाचा सरसकट एमआरआय करू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. कारण असं की लहान मूल मशिनमध्ये हलतं, त्याला भूल द्यावी लागते. आणि गाठ सापडली तरी नजर चांगली असेल तर उपचार काही करायचे नसतात, बघत राहायचं असतं. मग गाठ सापडल्याची काळजी तेवढी घराला लागते. पण नजर कमी झाली, डोळा पुढं आला, वयात लवकर आलं, किंवा मूल इतकं लहान आहे की नजर खात्रीनं मोजता येत नाही आणि डॉक्टरला शंका आहे, तर एमआरआय करायचाच. तो मेंदूचा आणि डोळ्याच्या खोबणीचा, दोन्हींचा मिळून सांगतात.

डाग नसलेल्या मुलाच्या बाबतीत हे उलट आहे. डोळे थरथरतात, नसेचं टोक फिकट आहे, चष्म्यानं सुधारत नाही, असं दिसलं की डॉक्टर एमआरआय सांगतात आणि तो पुढं ढकलायचा नसतो. ‘पेरणी झाल्यावर बघू’, ‘ऊस गेल्यावर बघू’ असं करू नका.

उपचार : घाई कुठं, धीर कुठं

गाठ म्हटलं की आपल्याकडं पहिलं वाक्य असतं, ‘काढून टाका’. इथं ते चालत नाही. गाठ नसेच्या आतच धाग्यांमध्ये मिसळलेली असते. ती काढायची म्हणजे नस काढायची, म्हणजे उरलेली नजरही घालवायची. त्यामुळं डोळा आंधळा झालाय आणि फार बाहेर आलाय, किंवा मोठ्या गाठीनं मेंदूत दाब वाढलाय, अशा वेळीच ऑपरेशनचा विचार होतो. पाणी तुंबलं असेल तर ते उतरवायला नळी बसवतात.

एनएफ-वन असलेल्या मुलात एमआरआयवरचं चित्र नेहमीसारखं असेल तर तुकडा काढून तपासायची सहसा गरज पडत नाही. दुसऱ्या प्रकारात तुकडा तपासावा लागू शकतो, कारण बीआरएएफचा बिघाड कळला तर औषध ठरवायला मदत होते.

नजर स्थिर असेल तर फक्त लक्ष ठेवतात. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी डोळ्याची तपासणी, ठरावीक काळानं एमआरआय. याला ‘काही करत नाहीत’ असं समजू नका. ही लक्ष ठेवण्याची पद्धत हाच उपचार आहे आणि तारीख चुकली तर तोच मोडतो.

नजर घसरायला लागली किंवा गाठ वाढून धोका दिसला तर केमोथेरपी. कार्बोप्लॅटिन आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन औषधं यात नेहमीची आहेत, काही ठिकाणी एकटं व्हिनब्लास्टिन देतात. हा उपचार साधारण एक ते दीड वर्ष चालतो, त्यात बराच काळ आठवड्याला दवाखाना असतो. मूल थकतं, ताप आला तर लगेच दवाखान्यात न्यावं लागतं, पण मोठ्या कॅन्सरच्या केमोइतका हा जड नसतो.

याचा फायदा किती? एनएफ-वन असलेल्या, केमो घेतलेल्या मुलांची अनेक केंद्रांमधली पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३२ टक्के मुलांची नजर सुधारली, ४० टक्क्यांची आहे तेवढी टिकली आणि २८ टक्क्यांची उपचार घेऊनही कमी झाली. म्हणजे उपचारानं बहुतेकांची नजर टिकते, पण गेलेली परत आणायची ताकद त्यात थोडी आहे. लवकर जायचं ते यासाठी.

रेडिएशन, ज्याला आपण ‘शेक’ म्हणतो, ते एनएफ-वन असलेल्या मुलांना देणं शक्यतो टाळतात. त्यांचा ब्रेक आधीच कमजोर असतो, त्यामुळं पुढं दुसऱ्या गाठी होण्याचा धोका वाढतो. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन झटका येऊ शकतो. कुणी पहिल्याच भेटीत शेक सांगितला तर ‘मुलाला एनएफ-वन आहे’ हे सांगा आणि दुसऱ्या मोठ्या केंद्राचं मत घ्या. डाग नसलेल्या मुलांतही वय लहान असेल तर शेक शक्य तितका पुढं ढकलतात, कारण वाढ आणि बुद्धीवर परिणाम होतो.

अलीकडं गोळ्यांची औषधंही आली आहेत. सेल्युमेटिनिब हे इंजिनाचा पुढचा भाग रोखणारं औषध अमेरिकेत २०२० मध्ये एनएफ-वनच्या दुसऱ्या प्रकारच्या गाठींसाठी मंजूर झालं, डोळ्याच्या नसेवरच्या गाठींवरही त्याच्या चाचण्या होत आहेत. बीआरएएफच्या एका बिघाडासाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी तिथं २०२३ मध्ये, तर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी टोव्होराफेनिब २०२४ मध्ये मंजूर झालं. ही औषधं महाग आहेत आणि एकाचं दुसऱ्याला चालेलच असं नाही. मोबाइलवर वाचून किंवा ओळखीतून मागवून सुरू करायची ही गोष्ट नाही.

जायचं कुठं, खर्चाचं काय

सुरुवात गावातूनच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. नजरेचा दोष, वाढ खुंटणं हे त्यांच्या यादीत आहे. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. डाग दाखवा, डोळ्याचं सांगा. तिथून पुढं जिल्हा पातळीवर मोफत पाठवलं जातं.

पुण्यात ससून सर्वसाधारण रुग्णालयात डोळ्यांचा, बालरोगाचा आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग एकाच ठिकाणी आहे. गाठ पक्की झाली तर मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि त्याचंच खारघरचं केंद्र इथं मुलांच्या मेंदूच्या गाठींवर उपचार होतात. परळलाच वाडिया हे मुलांचं रुग्णालय आहे. एकदा टाटाला आराखडा ठरला की पुढचे काही डोस जवळच्या रुग्णालयात घेता येतील का, हे जरूर विचारा. आठवड्याला मुंबई करणं रोजंदारीवरच्या घराला परवडत नाही आणि तिथंच बरेच जण उपचार अर्धवट सोडतात.

राहायचं कुठं हा दुसरा प्रश्न. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची आणि सोबतच्यांची सोय होते. उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासकेंद्रं आहेत. टाटातल्या समाजसेवा विभागात विचारलं की ते अर्ज करून देतात. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला व सोबतच्या एकाला भाड्यात सवलत असते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि मुलाचं आधार सोबत ठेवा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरायच्या आधी त्याला भेटा, कुठली तपासणी आणि कुठलं औषध योजनेत बसतं ते विचारून घ्या. आणि एक फाइल करा : प्रत्येक तपासणीची नजरेची नोंद तारखेप्रमाणं, एमआरआयची सीडी आणि कागद. नजर वाढली की घटली, हे मागच्या नोंदीशी ताडूनच कळतं. फाइल हरवली तर मागचं वर्ष हरवलं.

ग्रहण नाही, कुणाचा दोष नाही

या डागांचा ग्रहणाशी संबंध नाही. आईनं काय चिरलं, काय खाल्लं याच्याशी नाही. एनएफ-वन असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये तो आई किंवा वडिलांकडून आलेला असतो, उरलेल्या निम्म्यांमध्ये बिघाड त्या मुलापासूनच नव्यानं सुरू झालेला असतो. नात्यातल्या लग्नामुळं होतो असंही नाही. तो संसर्गाचा नाही, अंगणवाडीत शेजारी बसल्यानं लागत नाही.

पालकांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. एकाच घरात एकाला नुसते डाग आणि दुसऱ्याला गाठी, असंही होतं. म्हणून एका मुलाला आजार निघाला की भावंडांना आणि आई-बापालाही एकदा तपासून घ्यावं. सुनेला माहेरी पाठवून किंवा डागांवर लेप लावून यातलं काहीच सुटत नाही.

एनएफ-वन असलेल्या बऱ्याच मुलांना शिकण्यात, लक्ष लागण्यात अडचण येते. ‘ढ’ म्हणून मागं बसवलेलं मूल खरंतर फळ्यावरचं दिसत नसल्यानंही मागं पडलेलं असू शकतं. गुरुजींनी त्याला पुढच्या बाकावर आणायला खर्च येत नाही.

नजर गेलीच तर

काही मुलांची नजर सगळे उपचार करूनही कमी होते. तेव्हा शाळा सोडवू नका. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अंधत्वाबरोबर अंशतः दृष्टी हेही दिव्यांगत्व धरलं आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. पुण्यात अंध मुलांच्या शाळा आहेत, कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची. शिक्षणाची वाट डोळ्याच्या नसेवरच थांबत नाही.

येत्या रविवारी मुलांना अंघोळ घालताना पाठ, पोट, काखा एकदा उजेडात बघा. डाग सहा किंवा जास्त असतील तर मोजून, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डाग नसतील तर एकेक डोळा झाकून बघा. आशाताई, अंगणवाडीताई, गुरुजी यांनी हा मजकूर गावच्या ग्रुपवर टाकला तर आणखी चांगलं. सगळ्या गावात असं मूल एखादंच निघेल, कदाचित निघणारही नाही. पण निघालं तर त्याची नजर ठरायला काही महिनेच हातात असतात.

(हा मजकूर माहितीसाठी आहे. आपल्या मुलाबाबतचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावा.)